धोंड्याच्या महिन्यातली फियाट

जावई म्हणून ताटावर बसायचं, सासूच्या हातचे पुरणाचे धोंडे खायचे आणि सासूच्याच गाडीला डुक्कर म्हणायचं, ही कुठली रीत? पण आमच्या जावयानं ते केलं. तेही अधिक महिन्यातल्या मानाच्या जेवणाला, चाळीस माणसांच्या पंगतीत, तिसरा धोंडा तुपात बुडवता बुडवता.

"मामी, तुमची ती डुक्कर अजून चालू होते का हो?"

वाढता वाढता माझा मुलगा संपत थांबला. मी हातातली तुपाची वाटी तशीच धरून विचारलं, "कुणाला म्हणालासा, पाव्हणं?"

"तुमची फियाट हो. पडवीतली."

माझी लेक शालन घाईनं मध्ये पडली. "अगं आई, पुण्यात त्या गाडीला सगळे डुक्करच म्हणतात. तोंडाचा आकार तसा आहे म्हणून. प्रेमानं म्हणतात."

"तुला कुणी प्रेमानं डुक्कर म्हणालं, तर चालंल का गं?"

पंगतीत कुणीतरी ठसका लागल्याचं सोंग केलं. याला आता सोळा वर्षं झाली, पण तो ठसका अजून माझ्या कानात आहे.

ती गाडी काय होती ते सांगते. एकोणसाठ सालची फियाट. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बेळगावच्या एका डॉक्टरकडून घेतली आणि गडहिंग्लजात भाड्यानं चालवली. मालक वारले आणि तेराव्यालाच चारजण दारात आले, गाडी विकता का म्हणून. मी म्हटलं, आधी चालवायला शिकवा, मग बघू. त्यातल्या एकानं शिकवली. मी शिकले आणि विकली नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. लायसनच्या कागदावर सही वाकडी आली, पण रस्त्यावर गाडी कधी वाकडी गेली नाही. अडलेल्या बायका, नवऱ्या मुली, मिरचीचे व्यापारी, सगळे माझ्या गाडीत बसून गेले. संकेश्वरच्या रस्त्याला पोरं मागं पळत ओरडायची, बाई गाडी चालवतीया, बाई गाडी चालवतीया. मी हॉर्न वाजवायची. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि गाडी पडवीत उभी राहिली. संपत आठवड्यातनं एकदा चालू करायचा. इंजिन ठणठणीत होतं.

अंगावरचं मात्र सगळं गेलं होतं. दारांची रबरं वाळून खारकेसारखी झालेली. समोरच्या काचेचं रबर चिरलेलं, पाऊस आला की पाणी थेट आत. दोन्ही बाजूंच्या चकचकीत पट्ट्यांपैकी दोन गळून पडलेल्या, एक संपतनं तारेनं बांधलेली. मला हे दिसत होतं. पण आपल्याला दिसणं वेगळं आणि जावयानं पंगतीत सांगणं वेगळं.

त्यानं तेच केलं. बोटं पुसत म्हणाला, "गाडी तुमची चांगली आहे, मामी. ठेवलीय वाईट."

माझ्या डोक्यात जाळ झाला. "मग नीट करा की. कोल्हापुरात रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा हाय म्हणं. अकराच्या आत सगळ्या पट्ट्या, सगळी रबरं लावून ही गाडी ह्या अंगणातनं मेळाव्याला निघाली, तर धोंड्याचं वाण म्हणून तुम्हाला दिली. न्हाई निघाली, तर पुन्हा तिचं नाव काढायचं न्हाई."

शब्द तोंडातून गेला आणि हातातली वाटी एकदम जड झाली. चाळीस माणसांनी तो ऐकला होता. आक्काताई रेडेकर शब्द फिरवत नाही, हे त्या चाळीसांनाही माहीत होतं आणि मलाही.

"ठरलं," जगदीश म्हणाला. जावयाचं नाव जगदीश पासलकर. पुण्याकडच्या कारखान्यात टूलरूममध्ये, लोखंड केसाएवढ्या मापानं कापायचं काम. हात धुतल्या धुतल्या तो स्वतःच्या गाडीकडे गेला आणि डिकी उघडली. आत गोणपाटात गुंडाळलेल्या क्रोमच्या पट्ट्या, पितळी क्लिपांची पुडी आणि काळ्या रबराची वेटोळी. लोक सासुरवाडीला येताना पेढे आणतात. हा रबर घेऊन आला होता.

"हे कधी गोळा केलंत?" मी विचारलं.

"दोन वर्षं लागली. मुंबईतून, जुन्या बाजारातून. रबर मात्र कारखान्यात साचा बनवून ओतून घेतलं. मापं दिवाळीत घेतली होती."

दिवाळीत हा टेप घेऊन पडवीत फिरत होता, तेव्हा मला वाटलेलं, घराच्या वाटणीचं माप काढतोय. म्हणजे दोन वर्षं याचा डोळा माझ्या गाडीवर होता.

शुक्रवारी सकाळी आठला कामाला सुरुवात झाली. मी पडवीत खुर्ची टाकून बसले. लक्ष ठेवायला, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला आत बसवत नव्हतं.

आणि काय सांगू, मी हरत होते तरी मला मजा यायला लागली. त्यानं जुनं रबर सुरीनं कापून काढलं तर ते कडाकडा मोडलं. दारांच्या कडा रॉकेलनं पुसल्या, पंक्चरवाल्याचं सोल्युशन बोटानं एकसारखं लावलं, वाळायची वाट बघितली आणि मग नवं रबर कोपऱ्यापासून दाबत नेलं. कुठं ताण नाही, कुठं सुरकुती नाही. चारी दारं झाल्यावर म्हणाला, "मामी, आता लावून बघा दार."

मी लावलं. ते दार आजवर खडाड वाजायचं. गल्लीच्या टोकाला कळायचं, आक्काताई आली. आता नुसतं धप्प झालं. जाड गादीवर उशी टाकल्यासारखं. मी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पाच वेळा.

"आई, मोडशील," संपत म्हणाला.

"माझं दार हाय. मी मोडीन न्हाईतर जोडीन."

मग बाजूच्या पट्ट्या. आधी पितळी क्लिपा भोकांत, एका ओळीत. मग पट्टी क्लिपांवर टेकवायची आणि तळहातानं एका टोकाकडून दाबत जायचं. टक, टक, टक. मध्येच दाबली तर वाकते आणि एकदा वाकलेली पट्टी सरळ होत नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं, जशी काही मीच दाबणार होते. दुपारी उन्हात त्यानं दोरी घेऊन समोरच्या काचेचा घेर मोजला. तोंडाचा पट्टा चालूच. कारखान्यात अमुक साहेबाला काय ऐकवलं, तमुक यंत्र कसं बंद पडलं. ऐकून ऐकून माझे कान किटले.

संध्याकाळपर्यंत गाडीच्या दोन्ही अंगांना चांदीची रेघ आली. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. एक म्हणाली, "आक्का, नवरीगत दिसाय लागली की गं." मी म्हटलं, "नवरी कुठली, घोडा हाय घोडा." पण मनात आलं, नवरीच. रविवारी सासरी जाणार.

माझी एक सवय होती. सकाळी सहाला, घर झोपलेलं असताना, मी चहाचा कप घेऊन गाडीत जाऊन बसायची. डावा हात स्टेअरिंगवर, उजव्या हातात कप. चहा संपला की उतरायचं. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शनिवारी बसले, चहा संपला आणि उतरवेना. कपाळ स्टेअरिंगला टेकवून बसून राहिले. मागं नळावर पाणी पडल्याचा आवाज आला, तशी डोळे पुसून उतरले.

शनिवारी जावई गप होता. मला वाटलं, थकला. मागच्या काचेचं काम केलं, बंपरच्या कडेची पट्टी लावली, समोरची काच संपतला हाताशी घेऊन अलगद बाहेर काढली आणि वाकळ अंथरून तिच्यावर ठेवली. सगळं पहिल्यासारखं नीट. फक्त तोंड बंद. जेवताना एक धोंडा खाल्ला, दुसरा नको म्हणाला. असल्या माणसानं दुसरा नको म्हणावा, याचं मला नवल वाटलं होतं.

रविवार उजाडला. एकच काम राहिलेलं, समोरची काच. आठला हात घातला की नऊला व्हावं एवढंच. अंगणात तीस-चाळीस माणसं जमलेली, पंगतीतली झाडून सगळी. कुणी जावयाच्या बाजूनं, कुणी माझ्या. समोरच्या पानपट्टीवाल्यानं टपरीचा बाक आणून टाकलेला.

जगदीशनं काचेला रबर चढवलं आणि काच उचलून चौकटीत टेकवली. मी खुर्चीतून पुढं झुकले. त्या रबराला बाहेरच्या अंगानं एक खाच असते आणि त्या खाचेत क्रोमची पट्टी बसते. ती पट्टी आधी, काच जमिनीवर असतानाच बसवायची असते, रबर मोकळं असतं तेव्हा. काच चौकटीत गेल्यावर रबर इतकं आवळतं की खाचेत नख शिरत नाही. मालकांनी आणि मी एकदा ही काच बसवली होती, त्र्याहत्तर साली. मला तो दिवस कालच्यासारखा आठवत होता.

ह्यानं पट्टी तशीच वाकळेवर ठेवली आणि चमच्याच्या दांड्यानं रबर चौकटीत कोंबायला लागला.

संपत माझ्या कानाशी आला. "आई, दाजी पट्टी मागनं बसवायलेत काय? जमंल का तसं?"

"गप बस. जावयाला शिकवायचं नसतं."

खरंच नसतं. आमच्याकडे जावयानं भातात पाणी ओतून खाल्लं तरी लोक म्हणतात, असंच खायचं असतं. अंगणात चारजण तरी गॅरेजवाले होते. ते एकमेकांकडे बघत होते आणि विड्या ओढत होते. चूक सगळ्यांना दिसत होती, पण रेडेकरांच्या जावयाला कोण बोलणार? आणि मला तर बोलायचंच नव्हतं. माझ्या मनात लाडू फुटत होते. गाडी राहणार होती. मी एक शब्द न बोलता, शब्द न मोडता.

नऊ वाजले. काच कशीबशी बसली, पण खालच्या कोपऱ्यात रबराची कड आत मुडपून राहिली. साडेनऊला त्यानं पट्टी घेतली. टोक खाचेत जाईना. साबणाचं पाणी लावलं, जाईना. स्क्रू ड्रायव्हर घेतला. ते टोक काचेच्या कडेपासून बोटभर अंतरावर फिरायला लागलं आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ती काच जुनी होती. तसली दुसरी अख्ख्या जिल्ह्यात मिळाली नसती.

दहाला त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. कपाळ पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाही जमत. मी हरलो, मामी. पट्टीवाचून गाडी काही निघत नाही. तुमची गाडी तुमच्याकडेच राहू दे."

माणसं हळहळली. पानपट्टीवाला म्हणाला, "जाऊ द्या, पाव्हणं, पुढच्या धोंड्याला बघू." आणि उठून बाक उचलायला लागला.

मी जिंकले होते. आता उठून, चहा टाका गं, एवढंच म्हणायचं होतं.

मी गाडीकडे बघितलं. अंगभर चांदीच्या रेघा, दारं धप्प लागणारी, आणि तोंडावर ती काच, भुवया उपटलेल्या बाईसारखी, खालच्या कोपऱ्यात रबर मुडपलेलं. एवढी सजवून तिला अशी ठेवायची? आणि चाळीस माणसं घरी जाऊन काय सांगणार, रेडेकरांच्या अंगणात एक काच बसली नाही?

"बाक ठेव खाली," मी पानपट्टीवाल्याला म्हटलं. उठले, पदर खोचला. "पाव्हणं, बाजूला व्हा."

जावयाला असं कुणी म्हणत नाही.

"मामी, राहू द्या, आता वेळ…"

"एक तास हाय. काच काढा."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, रागावला. संपत आणि तो, दोघांनी काच काढून पुन्हा वाकळेवर ठेवली. मी खाली बसले. गुडघे बोंबलले, त्यांना बोंबलू दिलं. रबर काचेला नीट चढवलं, साबणाचं पाणी खाचेत बोटानं फिरवलं आणि क्रोमची पट्टी एका कोपऱ्यापासून अंगठ्यानं दाबत नेली. रबर मोकळं होतं, पट्टी लोण्यात सुरी जावी तशी गेली. पट्टीचे दोन्ही तुकडे मध्यावर भिडले, सांध्यावर टोपण बसलं. टक.

गॅरेजवाल्यांतला एक पुटपुटला, "आक्का, आम्हाला म्हाईत हुतं."

"मग विड्या कसल्या ओढत बसलायसा?"

आता दोरी हवी होती. काच बाहेरून चौकटीला टेकवायची, पण रबराची आतली कड पत्र्यावरून पलीकडे जायला हवी. त्यासाठी रबराच्या आतल्या खाचेत सगळ्या बाजूंनी दोरी घालायची, टोकं गाडीच्या आत सोडायची. बाहेरच्यानं काच दाबायची, आतल्यानं दोरी ओढत न्यायची. दोरी निघते तशी कड पत्र्यावर चढत जाते. त्र्याहत्तर साली मालकांनी आणि मी माझ्या दोन परकरांच्या नाड्या एकत्र बांधल्या होत्या.

"शालन, परकराच्या नाड्या आण. दोन."

"आई, इतक्या माणसांत?"

"अंगातल्या न्हाई गं, पेटीतल्या."

ती आत पळाली. तेवढ्यात जगदीश, दोरी ओढायला म्हणून, वाकून गाडीत शिरला आणि त्याच्या पँटच्या खिशातून काहीतरी खाली पडलं. मी उचललं. पातळ नायलॉनची दोरी. तेल लावून मऊ केलेली. दोन्ही टोकं उसवू नयेत म्हणून दोऱ्यानं गुंडाळलेली. मी ती काचेभोवती धरली. पुरा घेर आणि वर हातभर, धरायला. मापाची.

मी त्याच्याकडे बघितलं. तो गाडीच्या मीटरच्या काट्यांकडे बघत होता.

"शालन, ऱ्हाऊ दे नाड्या," मी हाक मारली. "हिकडं हाय दोरी."

दोरी खाचेत बसवली. संपतनं आणि मी काच उचलून चौकटीला लावली. मी दोन्ही तळहात काचेवर ठेवले, अंगाचा सगळा भार टाकला.

"ओढा, पाव्हणं. सावकाश. माझ्या हाताखाली आली दोरी की थांबायचं."

"हो मामी."

दोरी सरकायला लागली. काचेच्या पलीकडे त्याचं तोंड, अलीकडे माझं, मध्ये वीतभर अंतर. खालची कड चढली. टप. टप. टप. पोपटानं दाणे फोडावेत तसा आवाज. कोपऱ्यावर दोरी अडकली. मी बुक्कीनं काचेवर हलकेच मारलं, तो म्हणाला, "अजून थोडं दाबा," मी दाबलं, आणि कोपरा फटकन बसला. माणसं बाकावरून उठली. पानपट्टीवाला मोठमोठ्यानं सांगायला लागला, जसा काही कुस्तीचा फड. डावी बाजू गेली. वरची गेली. मला पुन्हा बत्तिसावं लागल्यासारखं झालं. शेवटचा कोपरा, शेवटची टप, आणि दोरी सगळी त्याच्या हातात.

काच बसली. चहूकडून चकचकीत चौकट, कुठं मुडप नाही. संपतनं बादलीभर पाणी फेकलं, आत थेंब आला नाही. साडेदहा वाजले होते. माणसांनी एवढा गलका केला की गल्लीतली कुत्री पळाली.

मी स्टेअरिंगच्या बाजूचं दार उघडून त्याच सलग सीटवर शेजारी बसले आणि दार लावलं. धप्प. बाहेरचा आवाज निम्मा झाला.

"दोरी कधी कापली?"

"शुक्रवारी दुपारी."

"म्हणजे काच कशी बसवायची, तुम्हाला ठाऊक हुतं. पट्टी आधी घालायची, तेबी."

त्यानं दोरी बोटाभोवती गुंडाळली.

"मग हे सकाळपासनं काय सोंग लावलं हुतंसा?"

त्यानं दोरी सोडली, पुन्हा गुंडाळली. "शनिवारी सकाळी तोंड धुवायला नळावर आलो होतो. तुम्ही इथं बसला होता. कपाळ टेकवून." मग म्हणाला, "पंगतीत मी ठरलं म्हणालो, तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मामी. नको म्हणालो असतो, तर तुमचा शब्द पडला असता. म्हटलं, आपणच हरावं."

दोन वर्षं पट्ट्या गोळा करणारा माणूस. चाळीस जणांसमोर, चमच्याचा दांडा घेऊन, स्वतःला अडाणी म्हणवून घेत होता. मी समोर बघितलं. नव्यानं बसवलेल्या काचेतून अंगण धुतल्यासारखं दिसत होतं. माणसं वाकून वाकून आत बघत होती. शालन पदरानं तोंड झाकून उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी खिडकीची काच खाली केली, अंगणाला ऐकू जावं म्हणून. कमरेची किल्ली काढून जावयाच्या तळहातावर ठेवली.

"ऐका, पाव्हणं. माझ्या गाडीला डुक्कर म्हणालासा, ते माफ. ठेवलीय वाईट म्हणालासा, ते खरं, म्हणून तेबी माफ. पण तुम्ही माझी कीव केलीसा, ते मी माफ करणार न्हाई. त्याची शिक्षा म्हणून गाडी घिऊन जायची. आन् दर धोंड्याला मला न्यायला ह्याच गाडीनं यायचं, इथनं कोल्हापूरपातूर मी चालवणार, तुम्ही शेजारी बसायचं आन् तोंड बंद ठेवायचं. यस्टीनं न्हाईतर दुसऱ्या गाडीनं आलासा, तर ताट वाढणार न्हाई. अकराच्या आत निघायचं हाय, आता सरका तिकडं."